ओसरीवरची मशीन

जठारपेठ, अकोला
२० ऑगस्ट १९६१

जमुना,

वर सौभाग्यवती लिहिलं नाही, सप्रेम नमस्कारही लिहिला नाही. आमच्या घरी आता जय भीम म्हणतात. तो तुझ्या घरी चालेल की नाही ठाऊक नाही, म्हणून नुसतं नाव लिहिलं.

मी ललिता. पुंजाजी तायडे यांची मुलगी. अमरावतीला अंबागेटाच्या आत भगवंतराव सरांच्या टायपिंग क्लासात आपण दोघी एका मशीनवर बसायचो. तू वाचून दाखवायचीस, मी मारायची. मग मी वाचायची, तू मारायचीस. वर्गात पोरंच पोरं आणि मुली आपण दोघीच. एवढी ओळख पुरे. तुझा वलगावचा पत्ता मी मिळवला, कसा ते विचारू नकोस.

पत्राचं कारण एवढंच की आपली अंडरवुड मला सापडली.

इथे कचेरीसमोर नत्थुजी म्हणून टाइपरायटर दुरुस्त करणारे आहेत. त्यांच्या दुकानात मी अधूनमधून जाते. सर गेल्यावर क्लास बंद झाला हे तुला कळलं असेल. त्यांच्या मुलाने सगळं सामान विकलं, त्यातल्या तीन मशिनी फिरत फिरत नत्थुजींकडे आल्या. मी आत पाय ठेवला आणि कोपऱ्यात ती दिसली. L ची काच फुटली होती म्हणून सरांनी तिथे शर्टाचं बटण बसवलं होतं, आठवतं? ते बटण तसंच आहे. मी उभ्या उभ्या तिच्यावर बोटं ठेवली. कागद सरकवणारं कॅरेज अडकत होतं, रिबन वाळून कडक झाली होती, पण बोटांना जागा बरोबर सापडल्या.

मी ती घरी आणली. माझे मालक देवमन रेल्वेच्या मालधक्क्यावर क्लार्क आहेत. टांग्यातून मशीन उतरताना बघून म्हणाले, "अजून एक? तुह्या मशिनीले भूक लागत नाही म्हणून बरं हाय." ही आता चौथी. लोक मोडीत काढतात त्या मी आणते, पुसते, तेल घालते, चालू करते. दोन खोल्यांचं घर आहे. एक मशीन कोठीवर, एक खिडकीत, एक पलंगाखाली.

आणि गंमत अशी की घरात चार मशिनी असून तुला हे पत्र टाकानं लिहितेय, कारण चौघींतल्या एकीलाही मराठी येत नाही.

दुसरं काही कारण नाही. उत्तराची वाट पाहत नाही.

ललिता

अकोला
८ ऑक्टोबर १९६१

जमुना,

तुझं पत्र आलं. मी वाट पाहत नव्हते असं लिहिलं होतं; पोस्टमन दिसला की दारात उभी राहत होते हे तुला सांगायला हरकत नाही.

तू विचारलंस, तिची घंटी अजून वाजते का. वाजते. आवाज थोडा बसलाय. ओळ संपत आली की ती अजून तशीच दचकवते.

माझं विचारशील तर मी इथे एका जिनिंग-प्रेसिंग कंपनीच्या ऑफिसात टायपिस्ट आहे. दिवसभर मुंबईच्या व्यापाऱ्यांना इंग्रजीत कापसाच्या गाठींची पत्रं मारायची. खिडकीतून रुई तरंगत आत येते आणि मशीनच्या काड्यांत जाऊन बसते, म्हणून संध्याकाळी ब्रशने झाडावी लागते. त्या झाडण्यातूनच मला हे वेड लागलं. आत काय आहे ते दिसायला लागलं. एक की दाबली की किती काय काय हलतं, तू पाहिलं आहेस का कधी? क्लासात आपल्याला सर खाली बघू देत नव्हते, वर फडकं टाकायचे. मग एकदा ऑफिसने जुनी रॉयल भंगारात काढली, ती मी मागून घेतली. नत्थुजींनी ती माझ्यासमोर पूर्ण उघडली आणि मलाच जोडायला लावली. काही बिघडलं तर तेच हसत म्हणायचे, "बाई, मशीन कोनावर रुसत नाही. कुठंतरी अडकली असते, बस्स." तेव्हापासून कुठे जुनी मशीन आहे कळलं की माझा जीव राहत नाही. चांगल्या मशिनीला घर असतंच. मला टाकून दिलेली हवी असते.

तू लिहिलंस की सासरी मशीन तर सोड, कागदही हाताला लागत नाही, पण पोळ्या लाटताना बोटं पोळपाटावर आपोआप चालतात आणि सासूबाई विचारतात, "हे काय चाळे करून राहिली वं?" ते वाचून मी हसले. मग नीट वाचलं आणि हसू आलं नाही.

शेवटी तू लग्नाचं लिहिलंस. मी तुझ्या लग्नात न जेवता का निघून गेले, तुला फार वाईट वाटलं, वगैरे. त्याबद्दल मला आज काही लिहायचं नाही. इथे यंदा कापूस बरा आहे. तुझ्या यजमानांना, रामरावांना, नमस्कार सांग.

ललिता

अकोला
१५ ऑक्टोबर १९६१

जमुना,

मागचं पत्र टाकलं आणि तेव्हापासून चित्त थाऱ्यावर नाही. ऑफिसात एकाच कागदावर तीनदा तारीख चुकले.

तू मला विचारतेस, मी न जेवता का गेले? तुले माहीत नाही? मले खरं सांग, तुले माहीत नाही?

मी बायांच्या पंगतीत बसली होती. माह्या पुढं पत्रावळ पडली, मीठ पडलं, चटणी पडली. मग तुह्या काकानं येऊन सगळ्यांसमोर विचारलं, "पोरी, तू पुंजाजीची ना? तुमचे लोक तिकडं बसून राहिले." तिकडं म्हणजे गोठ्यापाशी. बँडवाले आणि आमच्या वस्तीतले लोक बसले होते तिथं. त्याचा आवाज वाईट नव्हता जमुना, हेच मले आजही सोसत नाही. त्यानं हात धरून ओढलं असतं तर बरं झालं असतं. त्यानं वाट दाखवली, जशी कोनाले नळाची वाट दाखवतात.

मी तुह्याकडं पाहिलं. तू बोहल्यापाशी उभी होती, पुतळ्यासारखी. तू माह्याकडं पाहिलं. मग खाली पाहिलं. मी चपला घातल्या आणि बस पकडली.

एका मशीनवर बोटं ठेवत होतो आपण. माह्या बोटांचा घाम तुह्या बोटांले लागत होता. तेव्हा तुले काही झालं नाही.

आता पुन्हा विचारजो नको.

ललिता

अकोला
१८ मार्च १९६२

जमुना,

सगळी थंडी गेली आणि तुझं पत्र आलं. मी समजले होते की आता येत नाही.

तू चार ओळीच लिहिल्यास त्याबद्दल. "मला माहीत होतं. मी पाहिलं आणि मान खाली घातली. मुंडावळ्या होत्या म्हणून कोणाला काही दिसलं नाही. तरी तुला विचारलं, कारण मला वाटायचं तू दुसरंच काही कारण सांगशील." बरं केलंस की पुढे सारवासारव केली नाहीस. काकांचा स्वभाव, गावची रीत, असलं काही लिहिलं असतंस तर पत्र चुलीत गेलं असतं.

पण त्याच कागदावर, ओळ सोडून, तू मशीन मागितलीस. मेपासून जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या सुरू होणार, सगळा कारभार मराठीत होणार, मराठी टायपिस्ट लागणार, तुला सरकारी परीक्षेला बसायचंय. "तुझ्याशिवाय मी कोणाला सांगू?" असं तू लिहिलंस.

मी पत्र देवमनला वाचून दाखवलं. म्हटलं, हे काय आहे? माफी आहे का हुकूम? तो जेवत होता. म्हणाला, "दोन्ही नसीन. तिले मशीन पायजे आणि तिले तू पायजे. तुले काय पायजे ते तू पाह्य." मी म्हटलं, मला काही नको. तो म्हणाला, "मग पत्र काऊन लिहिलं होतं वं पयलं?"

मी भांडी घासायला उठले.

आता ऐक. माझ्याकडे एक मराठी मशीन आली आहे. कुठल्याशा ऑफिसच्या गोदामात पडून होती, उंदरांनी खालच्या फेल्टच्या पट्टीचं घर केलं होतं. नत्थुजी आणि मी मिळून ती उभी केली. 'ढ' जरा वर उडतो, बाकी ठीक आहे. मीही तिच्यावर शिकतेय आणि सांगते, जड जातं. इंग्रजीची सवय पुसावी लागते. ख, थ, श ही अक्षरं मशीनवर अर्धीच आहेत, काना देऊन पुरी करायची. आणि ऱ्हस्व वेलांटी आधी मारायची, अक्षर नंतर. 'दिवस' म्हणताना जिभेवर द येतो, पण बोटांनी वेलांटी आधी टाकायची आणि द तिच्या पोटात बसवायचा. पहिले दिवस माझ्या सगळ्या वेलांट्या शेजारच्या अक्षराला जाऊन चिकटत होत्या.

मशीन मी देते. द्यायची तर नीट दाखवूनच देईन, पार्सलने पाठवणार नाही. मे महिन्यात ऑफिसला काम कमी असतं तेव्हा मी स्वतः वलगावला घेऊन येते.

ललिता

अकोला
२२ मे १९६२

जमुना,

सुखरूप पोचले. बडनेऱ्याला गाडी चुकली, पुढची मिळाली.

तू निरोप देताना म्हणालीस, "रागावू नको." रागावले असते तर सोपं होतं. मी गाडीत बसून सारखा तोच प्रसंग मनात घोळवत होते आणि तो मला दर वेळी जास्तच विचित्र दिसत होता. तू तिथेच होतीस, तरी मी कुठून पाहत होते ते तुला कळावं म्हणून लिहिते.

मी ओसरीवर आले. दुर्गाबाई, तुझ्या सासूबाई, चांगल्या बोलल्या. "दुरून आल्या बाप्पा, बसा," म्हणाल्या आणि ओसरीच्या कडेला पोतं टाकलं. मग रामरावांनी माझ्या हातातून मशीन घेतली. ती मी अकोल्याहून मांडीवर आणली होती. तिच्या प्रत्येक काडीला माझा हात लागला आहे. ती त्यांनी उचलली, उंबरा ओलांडला आणि आत नेली. आत, माजघरात, देवघराच्या शेजारी चौरंगावर ठेवली. दुर्गाबाईंनी तिला हळदकुंकू लावलं. मला ओसरीवरून दिसत होतं.

आणि मी ओसरीवर.

मग तू आत चौरंगासमोर बसलीस आणि मी बाहेरून शिकवायला लागले. "डावी करंगळी. नाही, तिच्या वरची. आता काना." मला तुझी पाठ दिसत होती, बोटं दिसत नव्हती. मी आवाजावरून सांगत होते की तुझं बोट चुकलं. तू दोनदा उठून दारात आलीस, कागद दाखवलास आणि पुन्हा आत गेलीस. मध्ये चहा आला. कपाचा कान तुटलेला होता. बाकीच्यांचे कप मी पाहिले. त्यांना कान होते. मी चहा घेतला नाही. तू ते पाहिलंस. या वेळी मान खाली घातली नाहीस, एवढं मी पाहिलं, पण बोललीही नाहीस.

सोळा वर्षांची असताना बापाबरोबर मी नागपूरला दीक्षेला गेले होते. परत येताना बाप म्हणाला होता, "आता आपून कोनाच्या दारात उभं राहून बोलाचं नाही." त्या दिवशी ओसरीवर बसून मला ते आठवत होतं आणि तरी मी तुला ऱ्हस्व वेलांटी शिकवत होते. का, ते माझं मला कळलं नाही.

मशीन ठेव. तिचा काही दोष नाही. पण मी वलगावला पुन्हा येणार नाही. काही अडलं तर लिही, पत्राने सांगेन.

ललिता

अकोला
१६ जुलै १९६२

जमुना,

तुझं पहिलं टाइप केलेलं पत्र मिळालं. सगळे 'ढ' आभाळात आहेत, पण वेलांट्या जागेवर आहेत. मी ते ऑफिसात नेलं, कोणाला दाखवलं नाही, नुसतं दोनदा ड्रॉवर उघडून पाहिलं.

आधी कामाचं. कॅरेजची दोरी तुटली ती तू घरच्या सुतळीने बांधलीस हे चुकलंय. सुतळी ताणते आणि अक्षरांमध्ये अंतर पडतं. तुझ्या पत्राच्या शेवटी ते दिसतंच आहे. डावीकडे खाली एक गोल डबी आहे, तिच्यात स्प्रिंग असते. तिला हात लावू नकोस, ती सुटली तर बोट कापते. मी बरोबर जाडीची दोरी पाठवत नाहीये. का, ते पुढे सांगते.

तू लिहिलेलं मी देवमनला मोठ्याने वाचून दाखवलं आणि मध्येच थांबून पुन्हा पहिल्यापासून वाचलं. म्हणून इथे पुन्हा लिहिते, मला नीट समजलं की नाही ते सांग. तू दोन दिवस मशीनला हात लावला नाहीस. तिसऱ्या दिवशी सकाळी उठून चौरंगासकट ती ओढत माजघरातून बाहेर काढलीस. उंबऱ्यात ती अडकली. दुर्गाबाई म्हणाल्या, "सून ओसरीवर बसून टकटक करीन? गाव पाहीन! घराची काही इज्जत हाय का नाही?" तू म्हणालीस, "जिची मशीन हाय तिची जागा ओसरीवर हाय. तर मशीन बी ओसरीवर राहीन, आणि मी बी." आणि मग रामरावांनी चौरंगाची दुसरी बाजू उचलली.

जमुना, मला तुझ्याकडून हे अपेक्षित नव्हतं. काय अपेक्षित होतं तेही सांगता येत नाही. तू मला आत नेलं असतंस असं मी मनात धरलं होतं बहुतेक. पण आत नेणं तुझ्या हातात नाही, घर तुझ्या सासूबाईंचं आहे. तुझ्या हातात होतं ते तू केलंस. तू बाहेर आलीस.

आता ओसरीवर बसून तू मारतेस आणि शाळेतून येणारी पोरं, बैल घेऊन जाणारे गडी, सगळे उभे राहून बघतात, आणि कोणी म्हणतं, "रामरावची बायको तार करून राहिली." दुर्गाबाई तुझ्याशी बोलत नाहीत, पण ऊन आलं की पोत्याचा पडदा सोडून जातात. हेही तू लिहिलंस. त्या पडद्याचं मला नवल वाटलं.

दोरी मी पाठवत नाही कारण मी ती घेऊन येतेय. येणार नाही म्हटलं होतं ते माजघरातल्या मशिनीसाठी. ओसरीवरच्या मशिनीसाठी येते. येत्या रविवारी. माझा डबा मी आणीन, माझं पाणी मी आणीन, आणि तू काही खाल्लंस तर तिथेच माझ्यासमोर खाशील. त्यात काही कमीपणा मानू नकोस. आपण क्लासात तसंच खात होतो.

ललिता

अकोला
३ मार्च १९६३

जमुना,

हे पत्र लिहायला मी फार दिवस लावले. तू वाट पाहिली असशील.

निकाल आपण दोघींनी बरोबरच पाहिला. अमरावतीच्या त्या हॉलमध्ये, जिथे आपण एकाच दिवशी परीक्षा दिली, बोर्डावर तुझा नंबर होता आणि माझा नव्हता. तू माझा हात धरलास. मी म्हटलं, "अभिनंदन, मले गाडी पकडायची हाय," आणि निघाले. गाडीला दोन तास अवकाश होता. मी बडनेऱ्याच्या फलाटावर बसून होते.

मला वाटलं होतं, माझ्या मनात आता काही उरलं नाही. सगळे रविवार आपण ओसरीवर शेजारी बसून काढले. तू मारायचीस, मी वाचायची, जुन्यासारखं. पण फलाटावर बसल्यावर पहिला विचार काय आला, सांगते. असा आला की ती त्यांच्यातली म्हणून पास झाली. मग मला आठवलं की कागद तपासणाऱ्याला फक्त नंबर दिसतो, नाव दिसत नाही. तरी तो विचार गेला नाही. आणखी दोन स्टेशनं बरोबर आला.

घरी आल्यावर देवमनने विचारलं, मी सांगितलं. तो म्हणाला, "जिनं शिकवलं ते नापास अन् जिनं शिकलं ते पास?" आणि हसला. मी त्याच्याशी दोन दिवस बोलले नाही. मग मीच नत्थुजींकडे दुरुस्तीला आलेल्या एका मराठी मशिनीवर कागद लावून बसले आणि चूक कुठे होते ते शोधलं. घाई झाली की माझी बोटं इंग्रजीत जातात. सहा-सात वर्षांची सवय आहे. तू लग्नानंतर मशीन सोडलीस, तुझी बोटं कोरी झाली होती, त्यांच्यावर मराठी नीट उमटली. तुझ्या चार वर्षांच्या पोळपाटाचा असा उपयोग होईल असं कोणाला वाटलं असेल?

तुझी पंचायत समितीतली नेमणूक झाली हे वाचलं. रामराव तुला सायकलवर बसवून बसस्टँडवर सोडतात हेही वाचलं. मला आनंद झाला आहे. उशिरा झाला, पण झाला, आणि आता तो लिहिण्याइतका खरा आहे म्हणून लिहिलं.

मी पुन्हा बसणार आहे. मशीन परत देऊ का विचारतेस. नको, राहू दे तुझ्याकडे. मी दुसरी शोधते आहे.

ललिता

जठारपेठ, अकोला
७ जून १९६४

प्रिय जमुना,

तुझं निमंत्रण आलं. नवीन खोली बांधलीत, रामरावांनी स्वतः चुना दिला, तुझ्या टेबलासाठी खिडकी पूर्वेला ठेवली. वाचून बरं वाटलं. तू लिहिलंस, "या वेळी तू आत येऊन बसशील. सासूबाईंना मी विचारलं. त्या म्हणाल्या, येऊ दे."

हे वाचून मला काय वाटलं ते मी चार दिवस तपासलं. तुला वाटेल की ललिताचं कधी समाधान होत नाही. दुर्गाबाईंसाठी ते दोन शब्द सोपे नव्हते, मला कळतं. आपल्यासाठी त्यांनी ओसरीवर पडदा सोडला होता, तोही मी विसरले नाही. आणि तू त्यांना विचारलंस, ते तुला किती जड गेलं असेल तेही मी समजू शकते.

पण मी येणार नाही.

जमुना, ज्या घरात माझ्या बसण्याबद्दल आधी विचारावं लागतं, तिथे मी आत बसले तरी माझं लक्ष सारखं त्या उत्तराकडे राहील. आज येऊ दे म्हणाल्या. उद्या घरात कार्य असलं, चार पाहुणे असले, तर? मग तू पुन्हा विचारायला जाशील. मला तुझ्या तोंडून माझ्यासाठी कोणाची परवानगी मागितलेली नको आहे. ज्या दिवशी हे विचारायचं तुला सुचणारच नाही, त्या दिवशी मला बोलाव. मी धावत येईन.

ते लग्नातलं मी माफ केलं का, असंही तू खाली पेन्सिलने लिहिलंस आणि खोडलंस. खोडलेलं वाचता येतं. खरं सांगू? माफ केलं असं लिहायला मी दोनदा बसले आणि तो शब्द लिहिला गेला नाही. तो दिवस माझ्यापाशी आहे आणि राहील. पण त्यानंतर ओसरीवरचे सगळे रविवारही माझ्यापाशी आहेत. मी त्यांची बेरीज-वजाबाकी करत नाही. दोन्ही आहेत.

आता माझं ऐक. मी परीक्षा पास झाले ते तुला कळवलंच आहे. नोकरी सोडली नाही, पण घराच्या पुढच्या खोलीत क्लास सुरू केला आहे. देवमनने स्वतः पाटी रंगवली. रंग चांगला, अक्षर वाकडं. सहा मशिनी लावल्या आहेत, तीन इंग्रजी, तीन मराठी. एकीलाही कोणी नवी म्हणणार नाही, पण सगळ्या चालतात. मुली येतात, जठारपेठेतल्या, आमच्या वस्तीतल्या, एक मारवाड्याची आहे, एक खाटकाची. पहिल्या दिवशी मारवाड्याची मुलगी विचारत होती, कोणत्या मशीनवर कोण बसणार. मी म्हटलं, जी रिकामी असेल तिच्यावर. तिने दोन दिवस तोंड वाकडं केलं. आता ती आणि खाटकाची सलमा एका बाकावर बसतात आणि इतकं बोलतात की मला रागवावं लागतं.

मला एकटीला होत नाही. मराठीचा वेग तुझा माझ्यापेक्षा चांगला आहे, हे मी आता न अडखळता म्हणू शकते. रविवारी तुला सुट्टी असते. सकाळी बडनेऱ्याहून गाडीत बसलीस की दहाच्या आत अकोल्याला उतरशील. स्टेशनवरून टांगेवाल्याला जठारपेठ म्हण. मराठीच्या तीन मशिनी तू घे, मी इंग्रजीच्या घेते. दुपारी आमच्याकडे जेवायचं, संध्याकाळच्या गाडीने परत जायचं. देवमन वांग्याची भाजी फार चांगली करतो, फक्त तिखटाला हात सैल आहे त्याचा.

रामरावांना आण. आणि दुर्गाबाईंना यायचं असेल तर त्यांनाही घेऊन ये, मी मनापासून म्हणतेय. त्यांना सांग, आमच्या घरात पाहुण्यानं कुठं बसायचं हे कोणी कोणाला सांगत नाही. फक्त बसण्याआधी खुर्चीवर एखादी मशीन नाही ना, तेवढं बघावं लागतं.

तुझी
ललिता